कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळून आपली ताकद कशी जोखावी

‘मी लेव्हल पाच मारलो की!’ शहापूर-वडगावकडचा एखादा शाळकरी पोरगा फोन नाचवत असं सांगायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारून बघा. किती डावांत एक जिंकलास? घड्याळ लावलं होतंस? चाल किती वेळा मागं घेतलीस? उत्तरादाखल बहुतेक वेळा नुसतं हसू येतं. पोरगा जिंकला हे खरंच असतं, पण तो किती पाण्यात आहे हे त्यावरून काही कळत नाही.

सीमाभागातल्या हौशी खेळाडूची पंचाईत निराळी आहे. गल्लीत खेळणारे चार-सहाजण असतात आणि त्यांचा खेळ एव्हाना पाठ झालेला असतो. रेटिंगची (म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या अधिकृत आकड्याची) स्पर्धा खेळायची तर बऱ्याचदा कोल्हापूर, सांगली, हुबळी नाहीतर गोवा गाठावं लागतं, म्हणजे रजा, बसभाडं, प्रवेश फी आणि जेवणखाण आलंच. तिथं पाच डावांत अर्धा गुण मिळवून परतण्यापेक्षा आपण कुठं उभे आहोत हे आधी घरीच बघून घेतलेलं बरं. त्यासाठी कॉम्प्युटर उत्तम आहे, फक्त त्याच्याशी रोज उठून मिळेल तसे डाव खेळण्याचा उपयोग नाही. मोजायचं तर रीतसर मोजावं लागतं. ज्यांना चाली येतात, थोडंफार डावपेच कळतात आणि साधारण सोळाशे रेटिंगच्या खालीच आपण असू असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

समोर बसलंय कोण?

आज मोफत मिळणाऱ्या इंजिनांमध्ये (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांमध्ये) स्टॉकफिश सर्वांत बलवान समजलं जातं. २००८ मध्ये ते सुरू झालं, कुणीही फुकट उतरवून घ्यावं असं आहे, आणि २०२० पासून त्यात न्यूरल नेटवर्कही आलं. त्याच्या पूर्ण ताकदीशी पूर्ण डाव खेळून ‘मी हरलो’ म्हणण्यात काहीच नवल नाही. १९९७ मध्ये डीप ब्ल्यू या कॉम्प्युटरनं जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं. २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झनं तेव्हाच्या जगज्जेत्या क्रामनिकवर चार-दोन अशी मात केली, आणि त्या लढतीच्या दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीत होणारी मात दिसली नाही. साधा वजीर एच७ वर येऊन मात! तुमच्या-माझ्या घोडचुकांना एवढा मोठा सोबती आहे.

म्हणून आपण इंजिनाची ताकद कमी करून खेळतो, आणि खरी गोम इथंच आहे. स्टॉकफिशला ‘कमी ताकदीनं खेळ’ असं सांगितलं की ते आतून दुबळं होत नाही. त्याला चांगल्या चाली दिसतच असतात. तो चार-पाच चाली निवडतो आणि त्यातली एखादी वाईट चाल मुद्दाम, काहीशी चिठ्ठी काढल्यासारखी, उचलतो. परिणाम असा की बारा चाली तो अट्टल खेळाडूसारखा खेळतो आणि तेराव्या चालीला उंट फुकट देतो. माणूस अशा चुका करत नाही. माणूस दबावाखाली चुकतो, लांबून रोखलेला उंट विसरतो, घड्याळ बघून घाबरतो. तेव्हा कमी केलेल्या स्टॉकफिशवरचे विजय जपून मोजावेत.

माणसासारखं चुकणारा प्रतिस्पर्धी हवा असेल तर माइया हे इंजिन बघा. ते माणसांच्याच लाखो डावांवरून शिकवलेलं आहे, आणि लीचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर त्याचे तीन बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रतिस्पर्धी, आहेत: अकराशे, पंधराशे आणि एकोणीसशेच्या आसपासच्या माणसांच्या डावांवर तयार झालेले. त्यांच्या चुका आपल्या गल्लीतल्या काकांच्या चुकांशी बऱ्याच जुळतात. चेस डॉट कॉमवरही आकडा लावलेले बॉट आहेत. तेही चालतील, पण एकदा निवडलेला बॉट मोजणी संपेपर्यंत बदलायचा नाही.

घरचे नियम घरीच ठेवा

खानापूर-चंदगडकडच्या आणि निपाणी-चिक्कोडीच्या खेड्यांतही जुनी मंडळी अजून देशी पद्धतीचा डाव खेळताना दिसतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जातं, कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल. डाव झकास असतो, शंका नाही. मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला आणि पुढं १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन गेला. पण त्यालाही आंतरराष्ट्रीय नियम शिकावेच लागले. ज्यांचा हात देशी नियमांवर बसला आहे त्यांनी मोजणीआधी कॅसलिंग, प्याद्याची दोन घरांची उडी, एन पासां (दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं वाटेतच मारणं) आणि प्यादं शेवटच्या घरात गेल्यावर हवा तो मोहरा घेणं, एवढं अंगवळणी पाडून घ्यावं. एन पासां बहुतेकांना कॉम्प्युटरनंच पहिल्यांदा शिकवलेलं असतं, तेही ‘यानं माझं प्यादं चोरलं’ अशी तक्रार झाल्यावर.

साधनं

फोन पुरतो. जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला रेंजचा भरवसा नसतो, तिथं ड्रॉइडफिश हे मोफत अँड्रॉइड अ‍ॅप सोयीचं: एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही, आत स्टॉकफिश असतं, ताकद कमी-जास्त करता येते आणि पट आपल्या मनासारखा मांडताही येतो. इंजिन पूर्ण जोरात चाललं की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. सेटिंगमध्ये थ्रेड (इंजिन एकाच वेळी प्रोसेसरचे किती भाग वापरतं ती संख्या) एकावर आणा. तुमच्या-माझ्यासाठी एक थ्रेडसुद्धा जरूरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

जुना लॅपटॉप असेल तर त्यावर स्किड किंवा अरेना असा मोफत पट-प्रोग्राम टाकून स्टॉकफिश जोडता येतं. स्टॉकफिशच्या डाउनलोड पानावर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात. एव्हीएक्स२ असं लिहिलेली फाइल जुन्या प्रोसेसरवर उघडतच नाही. तेव्हा घाबरून लॅपटॉप दुरुस्तीला न्यायची गरज नाही, एसएसई४१-पॉपसीएनटी असं नाव असलेली फाइल घ्या.

इंटरनेट चांगलं असेल तर लीचेस सर्वांत सोपं. कॉम्प्युटरशी खेळा, लेव्हल एक ते आठ, वेळ आणि रंग निवडा, झालं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.

एक साधन मात्र चुकवू नका: खरा पट. फोनवर खेळताना बोट आपोआप पळतं. पट टेबलावर मांडा, इंजिनाची चाल पटावर करा, विचार पटाकडे बघूनच करा, मोहऱ्याला हात लावला की तोच चालवा, आणि मग ती चाल फोनवर भरा. शेजारी चाली लिहायला वही ठेवा. एवढ्यानं खेळाचा वेग अर्ध्यावर येतो आणि स्पर्धेतल्या खेळाच्या जवळ जातो.

अटी आधी ठरवा, मग पहिली चाल

घड्याळ लावलंच पाहिजे. पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढ, हा बरा मध्य आहे; फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या हिशोबात तो रॅपिडमध्ये (जलद डावांत) बसतो आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर एक डाव उरकतो. घड्याळाशिवाय कॉम्प्युटरशी खेळणं हा वेगळाच खेळ होतो, कारण तो क्षणात उत्तर देतो आणि आपणही नकळत त्याच्या तालावर धावायला लागतो.

चाल मागं घ्यायची नाही, इशारा बघायचा नाही. डाव बिघडला म्हणून अर्ध्यात सोडून नवा सुरू केला, तर तो हरलेला धरायचा. हे शेवटचं पाळणं सर्वांत कठीण, आणि बहुतेकांच्या मोजणीतली खोट इथंच असते. अर्धे डाव पांढऱ्यानं, अर्धे काळ्यानं. आणि एकच सापळा रोज लावायचा नाही. एखाद्या बॉटला ठराविक ओपनिंगमध्ये कसं अडकवायचं हे एकदा सापडलं की माणसाला चटक लागते. मग तुम्ही तुमची ताकद न मोजता त्या बॉटचं एक भोक मोजत राहता.

पहिली चाचणी: वीस डाव

आपल्याला जमेलसं वाटतं त्या पातळीशी वीस डाव खेळा. रोज एक किंवा दोन, जास्त नाही. विजयाला एक, बरोबरीला अर्धा. समजा बॉटवर चौदाशे लिहिलंय. तुम्ही पाच जिंकलात, पाच बरोबरीत सुटले, दहा हरलात. गुण साडेसात, म्हणजे साडेसदतीस टक्के. एलो या रेटिंग काढायच्या पद्धतीत निम्मे गुण म्हणजे बरोबरीची ताकद; चौसष्ट टक्के म्हणजे सुमारे शंभर गुणांनी वर, शहात्तर टक्के म्हणजे दोनशेनं वर. उलट छत्तीस टक्के म्हणजे शंभरनं खाली, चोवीस टक्के म्हणजे दोनशेनं खाली. साडेसदतीस टक्क्यांना फरक नव्वदच्या आसपास पडतो, तेव्हा त्या बॉटच्या मापानं तुम्ही तेराशे दहाच्या घरात.

या आकड्यात दीडशे गुण इकडं-तिकडं होऊ शकतात, कारण वीस डाव ही संख्या लहानच. म्हणून ‘मी तेराशे दहाचा’ असं कुठं सांगू नका. ‘साडेअकराशे ते साडेचौदाशेच्या मधला’ हे प्रामाणिक. गुण चोवीस टक्क्यांच्या खाली किंवा शहात्तरच्या वर गेले, तर पातळी चुकीची निवडली होती. बदलून पुन्हा सुरू करा.

आणि हा आकडा फिडे रेटिंग नव्हे. लीचेसवर माणसांचं रेटिंग ग्लिको-२ या वेगळ्या पद्धतीनं निघतं आणि नव्या खेळाडूला पंधराशेपासून सुरुवात मिळते. स्टॉकफिशमधला एलोचा आकडा इंजिनांच्या आपसातल्या यादीशी जुळवलेला असतो. त्यामुळं वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

दुसरी चाचणी: उत्तर आधीच माहीत असलेले डाव

माझ्या मते खरी परीक्षा ही, आणि ती फार थोडे लोक देतात. पूर्ण ताकदीच्या इंजिनाशी पहिल्या चालीपासून खेळण्यात अर्थ नाही हे वर आलंच. पण जिथं निकाल शास्त्रानं ठरलेला आहे तिथं पूर्ण ताकदीचं इंजिन हा सर्वोत्तम परीक्षक. पटावर राजे-प्यादी धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की प्रत्येक स्थितीचा निकाल संगणकांनी काढून ठेवला आहे. तुमची जिंकलेली स्थिती त्याच्याविरुद्ध जिंकता आली, तर ती तुम्हाला येते. नाही जमली, तर ‘काकांना मी हे नेहमी जिंकतो’ याला किंमत शून्य.

लीचेसवर पट-संपादक उघडा, मोहरे मांडा, कुणाची चाल ते ठरवा आणि तिथून कॉम्प्युटरशी, लेव्हल आठवर, खेळा. पायऱ्या अशा लावा.

सुरुवात एकट्या राजाविरुद्ध राजा-वजीर आणि राजा-हत्ती यांपासून. अचूक खेळलं तर वजिरानं जास्तीत जास्त दहा आणि हत्तीनं सोळा चालींत मात होते. तुम्हाला पंचवीस-तीस लागल्या तरी पास. पन्नास चालींच्या नियमात (पन्नास चालींत मोहरा मारला नाही की प्यादं हललं नाही तर बरोबरी) अडकलात तर नापास. वजिरानं मात करताना समोरच्याला चालच उरली नाही आणि डाव बरोबरीत गेला, असं झालं तर आजची परीक्षा तिथंच थांबवा.

मग राजा आणि एकच प्यादं. पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळा राजा ई६. काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो. पांढऱ्याची असेल तर बरोबरी. दोन्ही बाजूंनी खेळून बघा, म्हणजे पांढऱ्यानं जिंका आणि काळ्यानं वाचवा. आता तेच प्यादं ई२ वर ठेवा आणि चाल पांढऱ्याला द्या. आता पांढरा जिंकतो, कारण ई३ ही एक राखीव चाल हातात आहे. ती केली की राजे समोरासमोरच राहतात आणि हलायची पाळी काळ्यावर येते. एका घराचा फरक आणि अर्धा गुण गेला. गावच्या स्पर्धांत असे अर्धे गुण किती सांडतात याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

तिसरी पायरी हत्तींची. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२, चाल पांढऱ्याची. ही ल्युसेना स्थिती. राजा प्याद्यापुढं कोंडलाय, बाहेर काढला की मागून शहांचा मारा. वाट अशी: हत्तीनं ई१ वरून शह, काळा राजा डी७, मग हत्ती ई४ वर. ही चाल पहिल्यांदा बघणाऱ्याला निरर्थक वाटते. काळा हत्ती एच१ वर थांबतो, पांढरा राजा एफ७ वर उतरतो, शह बसतो, राजा जी६, पुन्हा शह, एफ६, पुन्हा शह, जी५, आणि शेवटच्या शहाला चौथ्या रांगेतला हत्ती जी४ वर आडवा येतो. प्यादं वजीर होणार. इंजिन मधेच निराळी वाट धरेल, आणि तेव्हाच कळेल की तुम्ही युक्ती पाठ केली होती की समजली होती.

याची उलट बाजू फिलिडोर. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७; तुम्ही काळे, राजा ई८, हत्ती जी६. हत्ती सहाव्या रांगेत आडवा ठेवून गप्प बसायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला वर चढता येत नाही. प्यादं ई६ वर सरकलं की त्याच क्षणी हत्ती खाली जी१ वर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. इंजिनाविरुद्ध पंचवीस चाली तग धरलात की पास.

एंडगेमचा, म्हणजे अशा शेवटच्या टप्प्यातल्या डावांचा, कंटाळा येणाऱ्यांसाठी आणखी एक परीक्षा आहे: मोहरा सोडून डाव. सुरुवातीच्या पटावरून इंजिनाचा वजीर काढा आणि पूर्ण ताकदीशी खेळा. जमलं की हत्ती, मग घोडा. हत्ती काढताना त्या बाजूच्या कॅसलिंगची खूण संपादकात काढायला विसरू नका. वजीर जास्त असून नवशिके हरतात, घोडा जास्त असून पंधराशेचेही हरतात, आणि ते बघण्यासारखं असतं: आघाडी मिळाल्यावर मोहरे अदलाबदल करून डाव सोपा करायचा असतो, हे तिथं कळतं. लीचेसवर लीला या इंजिनाचे असे मोहरा सोडून खेळणारे बॉटही आहेत. अदलाबदल टाळून गुंता वाढवण्यात ते तरबेज आहेत आणि झटपट डावांत भल्याभल्यांना दमवतात. आधी स्टॉकफिश, मग लीला, या क्रमानं जा.

डाव तपासताना

इंजिन उघडण्याआधी हरलेला डाव स्वतः एकदा पटावर मांडा आणि ‘इथं फिसकटलं’ असं वाटतं तिथं पेन्सिलीनं खूण करा. मगच इंजिनाचं मत बघा. तुमची खूण आणि त्याची खूण एकाच चालीवर आली तर डोळे शाबूत आहेत. चार-पाच चालींचं अंतर असेल तर डाव हातातून निसटतोय हे तुम्हाला उशिरा कळतंय.

इंजिन अधिक एक, उणे दोन असे आकडे दाखवतं. पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एक प्यादं जास्त असं मानायचे. स्टॉकफिशनं २०२२ च्या अखेरीपासून त्याची व्याख्याच बदलली: अधिक एक म्हणजे इंजिन इंजिनाशी खेळलं तर जिंकायची शक्यता पन्नास टक्के. माणसांच्या डावात अर्ध्या-पाऊण गुणाच्या चढउतारावर डोकं फोडू नका. आकडा एका चालीत दोननं किंवा जास्त कोसळला, तेवढ्याच चाली बघा.

त्या चाली वहीत चार खणांत टाका: मोहरा फुकट दिला; समोरच्याची धमकी दिसली नाही; जिंकलेला डाव सोडला; वेळेअभावी घाईत खेळलो. वीस डावांनंतर एक खण भरून वाहत असतो. बहुतेकांचा दुसरा. तसं असेल तर ओपनिंगची पुस्तकं बंद करून रोज वीस मिनिटं डावपेचांची कोडी सोडवा. तिसरा खण भरला असेल तर वरची दुसरी चाचणी पुन्हा पहिल्या पायरीपासून. अचूकतेची टक्केवारी दाखवतात तिच्याकडं फार लक्ष देऊ नका. भराभर अदलाबदल होऊन अठरा चालींत बरोबरीत सुटलेल्या डावाला पंच्याण्णव टक्के मिळतात आणि झुंजून जिंकलेल्याला ऐंशी.

मग माणसांत जा

कॉम्प्युटरचा आकडा माणसांत तपासल्याशिवाय पक्का होत नाही. सुदैवानं आपला भाग चांगल्या ठिकाणी आहे. कोल्हापूर बेळगावपासून एकशे दहा किलोमीटरवर. सांगली तर भाऊसाहेब पडसलगीकरांपासून बुद्धिबळाचं गाव. २०२५ चा विश्वचषक शेजारच्या गोव्यातच झाला. रेटिंग स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्यांनी राज्य कर्नाटक असं भरायचं. खेळायला कोल्हापूर-सांगलीच्या खुल्या स्पर्धांना जाण्यात त्यानं अडचण येत नाही. पहिलं फिडे रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात, आणि मार्च २०२४ पासून यादीची तळरेषा चौदाशे आहे. घरचं माप बाराशेच्या आसपास येत असेल तर पहिल्याच स्पर्धेत रेटिंगची घाई नको. एक-दोन स्पर्धा नुसत्या अनुभवासाठी खेळा.

सभागृहात फोन बंद करून पिशवीत, किंवा सरळ बाहेर. खिशात सापडला तर पंच डाव काढून घेऊ शकतात. आणि ऑनलाइन माणसाशी खेळताना शेजारी इंजिन लावायचं नाही. खातं बंद होतं ते वेगळंच, आजवरची सगळी मोजणीही पाण्यात जाते.

तीन-चार महिन्यांनी वीस डाव पुन्हा खेळायचे ते त्याच बॉटशी, त्याच वेळेत, त्याच पटावर. ड्रॉइडफिश किंवा लॅपटॉपवर खेळत असाल तर इंजिनाची आवृत्ती आणि ताकदीचं सेटिंग पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि मोजणी पुरी होईपर्यंत अपडेट करू नका. ‘लेव्हल पाच’ नव्या आवृत्तीत तेवढाच अवघड राहील याची खात्री नसते.